घोडेस्वाराच्या बंदुकीचे म्यान : घडण, कारागीर आणि शिलेदारी

शस्त्रांच्या इतिहासात तलवारीच्या म्यानाला जो मान मिळाला तो बंदुकीच्या म्यानाच्या वाट्याला कधी आला नाही. तलवारीचे म्यान मखमलीने मढवले गेले, त्याला चांदीची मोहनाळ बसली आणि पुढे ते संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात जाऊन विसावले. बंदुकीचे म्यान मात्र खोगिराच्या सामानात मोजले गेले, खोगिराबरोबर झिजले आणि बहुधा खोगिराबरोबरच उकिरड्यावर गेले. त्यामुळे घोडदळाच्या इतिहासग्रंथांत त्याचा उल्लेख आलाच तर तो सामानाच्या यादीतील एका ओळीपुरता येतो. असे असले तरी या सामान्य चामडी वस्तूत घोडदळाचे काही मोठे वाद गुंतलेले आहेत. बंदूक स्वाराने अंगावर बाळगावी की घोड्यावर ठेवावी, स्वाराने खाली उतरून गोळी झाडावी की तलवार उपसून तुटून पडावे, म्यानाचा खर्च कोणी सोसावा आणि ते कोणाच्या हातून घडावे, या प्रत्येक प्रश्नाचे त्या त्या काळातील उत्तर म्यानाच्या आकारात, त्याच्या शिवणीत आणि हिशेबाच्या वहीत उमटलेले दिसते. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळातील या वस्तूचा विचार केला आहे. त्यातही भर आहे तो हिंदुस्थानी घोडदळावर आणि त्याच्यासाठी चामडे कमावणाऱ्या व शिवणाऱ्या हातांवर. ज्यांच्या कसबावाचून रायफल घोड्यावर चढली नसती, त्यांच्याच हाती रायफल देण्यास सैन्य दीर्घकाळ राजी नव्हते, ही विसंगती या विषयाच्या मध्यभागी आहे.

अंगावर की घोड्यावर

तोडेदार बंदूक ही मुळात जमिनीवर पाय रोवून उभे राहणाऱ्याचे हत्यार. पेटता तोडा, शिंगातील दारू, ठासण्याचा गज आणि हातातील लगाम एवढे सारे एकाच वेळी सांभाळणे कोणत्याही स्वारास अवघडच. मराठी स्वाराचा मुख्य भरवसा भाला आणि तलवार यांवर राहिला, यामागे परंपरेइतकेच हेही व्यावहारिक कारण होते. चकमकीच्या बंदुका आल्या तेव्हा आखूड नळीची कडाबीन घोडदळासाठी सोयीची ठरली आणि ती बाळगण्याची युरोपीय पद्धत रूढ झाली. खांद्यावरून तिरपा रुंद पट्टा घ्यावा, त्यावरील सरकत्या आकड्याला कडाबीन अडकवावी आणि ती हेलकावे खाऊ नये म्हणून तिच्या नळीचे टोक खोगिराला बांधलेल्या वीतभर चामडी नळकांड्यात खुपसावे, अशी ती पद्धत. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेचे घोडदळ असेच लढले. या व्यवस्थेत बंदूक माणसाची असे आणि घोडा तिचे केवळ टोक धरी. घोडा पडला किंवा उधळला तरी हत्यार स्वाराजवळ उरे. मात्र दौडीत तेच हत्यार बरगड्यांवर आणि मांडीवर आदळत राही आणि दिवसभराच्या मजलेनंतर त्याचा भार घोड्याऐवजी माणसाच्या खांद्याला जाणवे.

दुसरा मार्ग बंदूक सर्वस्वी घोड्याच्या स्वाधीन करण्याचा. त्याची दोन रूपे पुढे स्थिर झाली आणि त्यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण सामान्य बोलण्यात दोन्ही रूपे ‘म्यान’ या एकाच शब्दाखाली येतात. पहिले रूप खरे म्यानच. त्यात बंदूक नळी खाली करून शिरते आणि दस्त्याचा भाग तेवढा बाहेर राहतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात यादवी युद्धानंतर गुरांचे कळप हाकणाऱ्या स्वारांमध्ये हे रूप फोफावले. १८६६ आणि १८७३ या नमुन्यांच्या विंचेस्टर बंदुका सडपातळ होत्या, त्यांच्या कुशीला बाहेर आलेला खटका नव्हता. त्यामुळे रिकिबीच्या चामड्याखाली, स्वाराच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूस त्या सहज मावत. शेयेन येथील मिनिया, डेन्व्हर येथील हायझर अशा खोगीरकारांनी या म्यानांवर फुलापानांची नक्षी उठवली आणि त्यामुळेच ही म्याने निदान तिकडच्या संग्राहकांच्या नजरेत राहिली. दुसरे रूप ब्रिटिश घोडदळाचे. त्याला ‘बकेट’ म्हणत. त्यात बंदूक दस्ता खाली करून उभी राही, खोल चामडी डबा दस्त्याला कवटाळून धरी आणि नळी स्वाराच्या पाठीमागे आकाशाकडे रोखलेली असे. पहिल्या रूपात बंदुकीची नळी आणि यंत्र धुळीपावसापासून झाकले जाते. दुसऱ्यात ते उघडे राहते, पण हात मागे नेताच बंदूक वर उचलता येते.

दोन्ही रूपांत एक धोका समान. स्वार खाली उतरला आणि बंदूक घोड्यावरच राहिली, तर तो नि:शस्त्र झाला. पायउतार लढाईत चारांपैकी एका स्वाराने घोडे धरून मागे जायचे, ही अमेरिकी व ब्रिटिश दोन्ही घोडदळांची रीत होती; म्हणजे घोड्याबरोबर बंदूकही मागे जाण्याचा संभव. उतरण्याच्या कवायतीत बंदूक काढण्याला एवढे महत्त्व का होते ते यावरून उमगते. म्यान किती घट्ट असावे हाही प्रश्न येथेच उद्भवतो. सैल म्यानातून दौडीत बंदूक निसटते आणि घट्ट म्यानातून ती वेळेवर निघत नाही. शिवणाऱ्याला या दोन भीतींच्या मधली जागा शोधावी लागते आणि ती जागा जाडीच्या दृष्टीने फार तर नखाएवढी असते.

हा वाद केवळ सोयीचा नव्हता, हे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाने (१८९९-१९०२) दाखवून दिले. बोअर स्वारांच्या लांब पल्ल्याच्या माउझर बंदुकांपुढे ब्रिटिश घोडदळाची आखूड कडाबीन तोकडी पडली. युद्धानंतर पायदळ आणि घोडदळ दोहोंसाठी एकच रायफल स्वीकारण्यात आली. सुमारे साडेचव्वेचाळीस इंच लांबीची ही ली-एन्फील्ड पायदळाच्या जुन्या रायफलीपेक्षा आखूड, पण कडाबिनीपेक्षा लांब होती. अमेरिकेनेही १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीने हेच केले. साहजिकच जुनी म्याने व बकेट कालबाह्य झाली आणि नव्या लांबीची, नव्या वजनाची रचना करावी लागली. मात्र हत्यार बदलले म्हणून मने बदलली नाहीत. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी १९०४ मध्ये रायफल हेच घोडदळाचे मुख्य हत्यार असावे असा आग्रह धरला. फ्रेंच आणि हेग यांच्यासारख्या घोडदळ अधिकाऱ्यांनी त्याला विरोध केला आणि १९०७ च्या घोडदळ शिक्षणपुस्तिकेत वेगाने दौडणाऱ्या घोड्याचे व पोलादी पात्याचे श्रेष्ठत्व पुन्हा प्रस्थापित झाले. हेग हे १९०३ ते १९०६ या काळात हिंदुस्थानातील घोडदळाचे महानिरीक्षक होते, त्यामुळे हा वाद लंडनपुरता राहिला नाही. १९०८ मध्ये सरळ पात्याची नवी तलवार आली. खोगिराला रायफल आणि तलवार दोन्ही लटकली. हा वाद मिटवण्याऐवजी तो घोड्याच्या पाठीवर लादण्यात आला, असेच म्हणावे लागते.

म्यान कसे घडते

कारागिराच्या दृष्टीने म्यान ही साधी वस्तू वाटते. एक कातडे दुमडून एका कडेने शिवले की झाले. प्रत्यक्षात तिच्यात चूक लपवायला जागा नाही. प्रथम बंदूक जाड कागदावर आडवी ठेवून तिची कड आखून घेतात. नळीच्या वरच्या रेषेवर घडी येईल आणि शिवण खालच्या कडेला पडेल, अशा रीतीने कागद दुमडून दुसरी बाजू आखतात. येथे नवशिक्या फसतो. आखलेली रेषा ही बंदुकीची रुंदी असते, जाडी नव्हे. बंदुकीची जाडी, कातड्याची स्वत:ची जाडी आणि शिवणीसाठी लागणारी कड एवढी वाढ धरली नाही, तर कागदावर अचूक बसलेले म्यान कातड्यात बंदुकीला आतच येऊ देत नाही.

कातडे निवडताना जनावराच्या अंगाचा कोणता भाग घ्यावयाचा हे ठरवणे हे अर्धे काम. पाठीच्या कण्यालगतचा पट्टा घट्ट, एकसारख्या जाडीचा आणि कमी ताणणारा असतो. पोटाकडचा भाग मऊ, सैल आणि वापरात लांबणारा. म्यान पाठीच्या पट्ट्यातून काढावे लागते. चार ते पाच मिलिमीटर जाडी त्याला पुरते. याहून पातळ कातडे बंदुकीच्या वजनाने दुमडते आणि याहून जाड कातडे घडीवर तडकते. कापण्याचे काम रापीने होते. रापी एकदा चालली की मागे घेता येत नाही, म्हणून जुने कारागीर कापण्यापूर्वी कातड्यावर हात फिरवून गोचिडाच्या खुणा, काट्यांचे ओरखडे आणि डागण्याच्या जागा शोधून काढतात.

यानंतर कातडे भिजवतात. भिजवणे म्हणजे बुडवून ठेवणे नव्हे. कोमट पाण्यात ते पुरेसे मुरले की बाहेर काढून, वरचा पृष्ठभाग आपल्या मूळ रंगाकडे परतू लागेपर्यंत थांबतात. आत ओल आणि वर कोरडेपणा अशा त्या घडीला कातडे मातीसारखे आकार घेते. मग तेलकट वा मेणकापडात गुंडाळलेली बंदूक, किंवा अधिक शहाणपणाने तिच्या मापाचा लाकडी ठोकळा, आत ठेवून हाडाच्या वा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने कातडे दाबत नेतात. यंत्राचा फुगवटा, खटक्याची कड आणि नळीवरची माशी यांना आतून जागा द्यावी लागते. माशीसाठी घडीच्या रेषेवर लांब पन्हळ न ठेवल्यास ती दर वेळी आतल्या बाजूस ओरबाडते, आणि बंदूक उपसताना नेमकी तीच अडते. कातडे सुकले की हा आकार पक्का होतो.

शिवण हा म्यानाचा प्राण. दोन कडांच्या मध्ये चामड्याचीच एक अरुंद पट्टी घालतात. बंदुकीची धार टाक्यांपर्यंत पोचू नये आणि कडांमध्ये जागा राहावी हे तिचे काम. टाक्यांची रेषा कोरून, आरीने तिरपी भोके पाडून, मेण आणि राळ लावलेल्या तागाच्या जाड दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया ओवून शिवण घालतात. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. यंत्रावरील शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे मध्ये एकमेकांत अडकतात आणि एक दोरा झिजला की शेजारचे टाके सैल होत जातात. दोन सुयांच्या हातशिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे टाके आपापल्या जागी धरून राहतात. मोहिमेवर, जेथे मोची दोन मजला मागे असतो, तेथे हा फरक शिवणकलेपुरता राहत नाही. शेवटी कडा तासून, ओल्या करून, घासून काचेसारख्या करतात म्हणजे पाणी कडेतून आत शिरत नाही. खालच्या टोकाला पाणी आणि धूळ निघून जाण्यासाठी वाट ठेवतात.

आता पट्टे. म्यान दोन पट्ट्यांवर लटकते. एक खोगिराच्या पुढच्या भागाला, दुसरा मागच्या कडीला. कोन किती द्यायचा हे घोड्याच्या खांद्यावर आणि स्वाराच्या गुडघ्यावर अवलंबून असते. फार उभे केले तर दस्ता लगामाच्या हाताला अडतो आणि फार आडवे केले तर बंदूक मागे सरकते. म्यानाची वरची कड रिकिबीच्या चामड्याखाली दाबली गेली तर शंभर कोसांत घोड्याच्या कुशीला फोड येतो, आणि पाठ लागलेला घोडा घोडदळाच्या दृष्टीने मेल्यातच जमा. म्यान शिवणाऱ्याला घोड्याचे शरीर ठाऊक असावे लागते ते यामुळे.

एक दोष मात्र कितीही चांगल्या म्यानात राहतोच. चामडे ओल धरते आणि धरलेली ओल लोखंडाला देते. रात्रभर ओल्या म्यानात राहिलेल्या नळीवर सकाळी गंज दिसतो. पितळी खिळ्यांभोवती चामड्यातील तेलामुळे हिरवा चिकट मळ जमतो. म्यान हे बंदूक वाहून नेण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही, हा नियम सैन्यात आणि शिकाऱ्यांत सारखाच सांगितला जातो.

कातडे, साल आणि कमावणारे

वर वर्णिलेली सारी प्रक्रिया एका गृहीतावर उभी आहे. ते म्हणजे चामडे वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेले असले पाहिजे. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्झ यांनी अमेरिकेत क्रोम क्षारांनी चामडे कमावण्याची रीत पेटंट केली आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले. मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ पासून या पद्धतीचे प्रयोग केले. क्रोमचे चामडे मऊ, चिवट आणि पाण्याला दाद न देणारे. बुटाच्या वरच्या भागासाठी ते उत्तम. पण पाण्याला दाद न देणारे चामडे भिजवून आकारालाही येत नाही. म्यान, खोगीर आणि पट्टे यांच्यासाठी म्हणून साल-फळांची जुनी रीत टिकली, आणि तिच्याबरोबर ती जाणणारी माणसेही.

हिंदुस्थानात या रीतीचे भूगोलाप्रमाणे भेद होते. गंगा-यमुनेच्या दुआबात बाभळीची साल विपुल, दक्षिणेत तरवडाची साल, सह्याद्रीच्या रानांत हिरडा. महाराष्ट्रात चुन्याच्या निवळीत केस सोडवून, कातडे पोत्यासारखे शिवून, त्यात सालीचे पाणी भरून टांगून ठेवण्याची ढोरांची पद्धत प्रसिद्ध आहे. पिशवीतून पाझरणारे पाणी खालच्या भांड्यात साचे व ते पुन्हा वरून ओतले जाई. या पद्धतीने कातडे लवकर मुरते, परंतु शिवणीच्या आणि गळ्याच्या बाजूस ते असमान कमावले जाते. जोडे आणि मोटेसाठी हा दोष खपून जाई. एकसारख्या जाडीचे, सहा महिने पावसात टिकणारे आणि शेकडोंनी सारखेच निघणारे सैनिकी सामान यातून निघणे मात्र कठीण होते.

कामाची वाटणीही जातीच्या रेषेने झालेली होती. महाराष्ट्रात कातडे कमावणारा ढोर, जोडे शिवणारा चांभार आणि खोगीर बनवणारा जिनगर. जिनगरांचे नावच जिनावरून पडलेले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जिनगर स्वत:स सोमवंशी आर्य क्षत्रिय म्हणवतात, ओतकाम, चित्रकाम, कोरीवकाम, मातीच्या मूर्ती असे नाना व्यवसाय करतात आणि तरीही इतर हिंदू त्यांना कमी लेखतात अशी नोंद आहे. पेशवाई बुडाली, घोड्यांच्या पागा मोडल्या आणि खोगिरांची मागणी आटली, हे व्यवसाय बदलण्याचे एक कारण. दुसरे कारण उघडपणे कोणी लिहीत नसले तरी ओळखणे कठीण नाही. चामड्याला हात न लावणारा धंदा मिळाला तर प्रतिष्ठेची एक पायरी चढता येत होती. ज्या शहरात खोगीर शिवण्याचे सर्वांत नामांकित हात होते, त्या शहरातील ते हात अशा रीतीने चामड्यापासून दूर गेले.

शिलेदाराचे खोगीर, सरकारची रायफल

मराठी राज्यव्यवस्थेत स्वत:चा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांचा कल पागेकडे, म्हणजे बारगिरांकडे होता, कारण शिलेदाराची निष्ठा त्याच्या घोड्याइतकीच त्याच्या स्वत:च्या मालकीची असे. ब्रिटिशांनी मात्र आपल्या हिंदुस्थानी घोडदळात शिलेदारी पद्धतच उचलली, कारण ती स्वस्त होती. १८१७ च्या पुणे तहानुसार उभे राहिलेले ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’, म्हणजे पुढचे पूना हॉर्स, याच पद्धतीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी घोडदळाच्या एकोणचाळीस रेजिमेंटांपैकी मद्रासकडील तीन वगळता सर्व शिलेदारी होत्या.

या पद्धतीत भरती होणारा स्वार ठरावीक रक्कम रेजिमेंटकडे भरी. त्या बदल्यात घोडा, खोगीर, तलवार, कपडे आणि तंबूतील हिस्सा मिळे, आणि नोकरी सुटताना रक्कम परत मिळे. या जागेला ‘असामी’ म्हणत. सरकार देई ती फक्त बंदूक आणि दारूगोळा. १८५७ नंतर बंदुकीवरील सरकारी मालकी हा धोरणाचा गाभा होता आणि त्यात सवलत नव्हती. या विभागणीची सीमारेषा बंदुकीच्या म्यानाच्या आतून जाते. आतील रायफल सरकारची. बाहेरचे चामडे खोगिराच्या सामानापैकी, म्हणजे स्वाराच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या रकमेच्या बाजूचे. रायफलीला गंज चढला तर तो सरकारी मालाचा नाश, आणि ज्या चामड्यामुळे तो चढला त्याची दुरुस्ती रेजिमेंटच्या निधीतून. एकाच वस्तूच्या आत आणि बाहेर दोन वेगळे धनी असण्याचे असे उदाहरण लष्करी इतिहासात विरळा.

शिलेदारी पद्धतीमुळे रेजिमेंट स्वत:च खरेदीदार बनत. जेथे स्वस्त मिळेल तेथून चामडे, जेथे ओळख असेल तेथून खोगीर, आणि दुरुस्तीला छावणीतला मोची. शांततेच्या काळात, सरहद्दीवरील लहान मोहिमांत हे निभावले. महायुद्धात निभावले नाही. १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानी घोडदळाच्या दोन डिव्हिजन फ्रान्सला पोचल्या. तेथे घोडा मेला तर नवा घोडा स्वाराने कोठून आणायचा आणि खोगीर कुजले तर कोणत्या बाजारातून घ्यायचे, या प्रश्नांना शिलेदारीच्या हिशेबात उत्तर नव्हते. शेवटी सारे सरकारलाच पुरवावे लागले. शिवाय लढाई घोड्यावर राहिली नव्हती. पूना हॉर्सचे लेफ्टनंट फ्रँक डी पास यांना २४ नोव्हेंबर १९१४ रोजी फेस्ट्यूबर्टजवळ केलेल्या ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो खंदकातला, पायउतार अवस्थेतला. रॉबर्ट्स आणि हेग यांच्यातील वादाचा निर्णय चिखलाने दिला होता. रायफल म्यानातून निघाली, ती बराच काळ परत गेली नाही. १९२०-२१ च्या पुनर्रचनेत शिलेदारी पद्धत संपुष्टात आली, एकोणचाळीसच्या एकवीस रेजिमेंट झाल्या आणि म्यानाचा बाहेरचा भागही सरकारचा झाला.

कानपूर

सरकारी म्यान, सरकारी खोगीर आणि सरकारी पट्टे जेथे तयार होत ते गाव कानपूर. १८५७ च्या उठावानंतर तोफखान्याच्या घोड्यांचे सामान विलायतेहून आणणे महाग व बेभरवशाचे वाटू लागले. बाभळीची साल, गुरांची कातडी आणि कमी मजुरीवर मिळणारी माणसे तिन्ही एका ठिकाणी उपलब्ध असल्याने सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी कानपुरात उभी राहिली. १८८० च्या सुमारास कूपर ॲलन कंपनीचा सैनिकी बुटांचा कारखाना तिच्या जोडीला आला. पिशवीऐवजी हौद, अंदाजाऐवजी सालीच्या पाण्याची मोजलेली तीव्रता आणि हातांच्या सवयीऐवजी पत्र्याचे साचे, ही कारखान्याची रीत. साचा पत्र्याचा झाल्यामुळे एक म्यान दुसऱ्यासारखे निघू लागले. शिवणीचे काम मात्र, जेथे टिकाऊपणा हवा तेथे, दोन सुयांनीच होत राहिले.

या कारखान्यांतील कामगारांचा मोठा भाग चांभार जातीचा होता, आणि त्यावरून एक सोपा निष्कर्ष काढला जातो की चामड्याचे कसब त्यांच्या रक्तातच होते. हा समज तपासून घेण्याजोगा आहे. रामनारायण रावत यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील चांभार समाज बहुसंख्येने शेतीवर जगणारा होता आणि चामड्याशी त्याची ओळख वसाहतकालीन लेखनाने घट्ट चिकटवली, असे दाखवले आहे. या मांडणीच्या उजेडात कानपूरचे चित्र पालटते. कारखान्याच्या दारात आलेल्या माणसाला आरी धरता येत असेल हे जातीवरून गृहीत धरले गेले, पण पाठीचा पट्टा ओळखणे, ओल जोखणे आणि इंचाला ठरलेले टाके घालणे हे तो तेथेच शिकला. म्हणजे ज्याला ‘परंपरागत’ म्हटले गेले ते बरेचसे कारखान्यात कमावलेले कौशल्य होते. परंपरागत म्हटल्यामुळे त्याचे मोल कमी ठरवणे मालकाला सोयीचे झाले, ही बाब नजरेआड करता येत नाही.

आणि येथेच सैन्यभरतीचा प्रश्न येतो. ज्या रॉबर्ट्स यांनी घोडदळाच्या हाती रायफल असावी म्हणून आग्रह धरला, तेच १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असताना ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते होते. त्याच सुमारास मुंबईकडील सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांचा १८९४ चा अर्ज त्याविरुद्धचाच. चांभारांना तर लढाऊ सैनिक म्हणून स्थानच नव्हते. कानपूरच्या कारखान्यात त्यांनी बनवलेल्या सामानावर रायफल घोड्यांच्या पाठीवरून सरहद्दीपर्यंत गेली. रायफल हाती घेण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती. दुसऱ्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा कोठे १९४१ मध्ये महार रेजिमेंट आणि १९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभी राहिली. महार रेजिमेंट टिकली. चमार रेजिमेंट ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन आल्यावर १९४६ मध्ये विसर्जित करण्यात आली.

त्या वेळेपर्यंत हिंदुस्थानी घोडदळाच्या रेजिमेंटांनी घोडे सोडून चिलखती गाड्या घेतल्या होत्या. अमेरिकी सैन्याने १९३८ च्या नमुन्याची चामडी रायफल-म्याने घोड्यांवरून काढून जीपगाड्यांना आणि मोटारसायकलींना बसवली. कानपूरचा कारखाना स्वातंत्र्यानंतर ‘ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरी’ या नावाने चालत राहिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तो ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग झाला.